बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून आपण शंभरदा गेलेलो असतो. सर्पदंशावरचा उतारा, पोलिओचा डोस यांच्याशी ते नाव आपल्या मनात जोडलेले. पण हाफकिन हा एक जिताजागता माणूस होता आणि मुंबईच्या प्लेगशी तो जिवावर उदार होऊन झुंजला, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घराणे ज्यू. धर्म बदलला असता तर रशियात बढती मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली, तीही ग्रंथालयातली. तिथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ साली आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले. गंमत म्हणजे ते डॉक्टर नव्हतेच, प्राणिशास्त्राचे पदवीधर. सरकारी डॉक्टरांना ही गोष्ट खुपत राहिली.

सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रोगी ओळखला. लोक गाठोडी बांधून मुंबई सोडू लागले, तेव्हा हाफकिन मुंबईत आले. त्यांना मिळाले काय? ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई! प्लेगचे जंतू ते मांसाच्या रश्शात वाढवीत आणि वरून चक्क तूप सोडीत. तुपाच्या थेंबांना धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारायचे. ताणाने एक मदतनीस खचला, दोघे सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जे कैदी आपणहून पुढे आले त्यांना टोचले, आणि त्यांच्यात रोग कमी आढळला.

पण बाहेरच्या लोकांचे काय? घरात शिरून होणाऱ्या तपासण्यांनी माणसे सरकारच्या नावाने धास्तावलेली. अशात सुई कोण टोचून घेणार? आगाखानांनी स्वतः टोचून घेतले, प्रयोगशाळेसाठी बंगला दिला. मग त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली. त्यांतली एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ती बाटली ५३-एन. चौकशी समितीने ठपका ठेवला तो मुंबईच्या प्रयोगशाळेवर. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे नवे नाही : किल्ली ज्याच्याकडे, संशय आधी त्याच्यावर! बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे मागाहून पुढे आले. तोवर हाफकिन यांचे पद गेले होते.

१९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे कलंक पुसला. हाफकिन परत आले ते कलकत्त्याला. स्वतः उभारलेली परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही.

१९२५ साली तिला त्यांचे नाव दिले गेले. तोपर्यंत तिथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींवर मात्रा बाहेर गेल्या होत्या. हाफकिन तेव्हा युरोपात होते. त्यांनी लग्न केले नव्हते. १९३० साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी ते वारले.