मेरी ब्रेकिनरिज बाई

ह्या बाईंचा जन्म १८८१ साली अमेरिकेत एका नामांकित घराण्यात झाला. १९१० साली न्यूयॉर्क येथे त्या परिचारिकेच्या परीक्षेत उतरल्या. पुढे त्यांची मुलगी जन्मल्यावर काही तासांतच गेली व १९१८ साली चार वर्षांचा मुलगाही वारला. तेव्हापासून परक्यांची लेकरे जगविणे हेच त्यांचे काम झाले.

१९२३ साली केंटकीच्या डोंगराळ मुलखात घोड्यावरून हिंडून त्यांनी तेथील सुइणींच्या गाठी घेतल्या. सुइणींस अनुभव होता, शिक्षण नव्हते. परिचारिकांस शिक्षण होते, पण बाळंतपण करता येत नसे. स्वतः बाईंसही ती विद्या नव्हती! म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या लंडनास जाऊन सुइणीचे काम शिकल्या, आणि स्कॉटलंडच्या बेटांवरील रुग्णसेवाही पाहून आल्या. आमच्या मते हेच त्यांचे मोठे धैर्य. एकदा शिकून मोकळे झालेल्या माणसास पुन्हा बाकावर बसणे जड जाते.

१९२५ साली त्यांनी केंटकीत काम मांडिले. मोटारीचे रस्ते नव्हते. परिचारिका घोड्यावरून ओढे ओलांडून घरोघर जात, बाळंतपणे करीत, घटसर्पाची व विषमज्वराची लस टोचीत. बाळंतपणाची फी पाच डॉलर; पैसा नसे तो चारा किंवा लाकूड देई.

ह्या परिचारिकांपैकी पुष्कळ ब्रिटनमधील होत्या. १९३९ साली युद्ध लागताच कित्येक मायदेशी परतल्या व काम बुडण्याची वेळ आली. तेव्हा त्याच वर्षी बाईंनी डोंगरातच परिचारिकांसाठी सुईणविद्येची शाळा काढिली. १९६५ साली त्या वारल्या. १९७० साली त्याच शाळेत परिचारिकांस सबंध कुटुंबाची तपासणी व औषधोपचार करण्याचे वरचे शिक्षण मिळू लागले.