जॉर्ज विंगेट

सर जॉर्ज विंगेट (१८१२ – १८७९) हे मुंबई इलाख्यातील लष्करी अभियंते व महसूल अधिकारी होते. पश्चिम भारतातील शेतजमिनीची मोजणी, प्रतवारी आणि सारा आकारणी यांच्या पद्धतीचे ते हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड यांच्यासह प्रमुख शिल्पकार मानले जातात. सर्व्हे नंबर, एकर-गुंठा आणि गाव नकाशा या महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनातील रूढ गोष्टी त्यांच्या काळात स्थिरावल्या. सारा ठरविण्यासाठी काढलेले हे नकाशे आज ग्रामीण भागातील बदलांच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरले आहेत.

पार्श्वभूमी

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली आला. प्रत्येक शेताकडून किती सारा घ्यावा, हा नव्या राज्यकर्त्यांपुढील पहिला प्रश्न होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी केलेली मोजणी व आकारणी १८३० च्या सुमारास अमलात आली. निव्वळ उत्पन्नाच्या सूक्ष्म हिशेबावर ती आधारलेली होती. परंतु मोजणीत चुका राहिल्या, खालच्या नोकरवर्गात लाचलुचपत बोकाळली आणि सारा जड झाला. त्यातच धान्याचे भाव पडले. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडल्या आणि कुणब्यांनी गावे सोडली.

मोजणीचे कार्य

१८३५-३६ मध्ये इंदापूरची फेरमोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्याकडे आली. गोल्डस्मिड मुलकी सेवेतील, तर विंगेट बॉम्बे इंजिनिअर्स या लष्करी पथकातील होते. दोघेही वयाच्या पंचविशीच्या आतले होते. अमूर्त सिद्धांत बाजूला ठेवून त्यांनी जमिनीचा मगदूर, पूर्वीच्या वसुलीचा इतिहास, पाऊसमान आणि बाजारपेठेची जवळीक यांचा एकत्रित विचार केला. साऱ्याचे दर उतरविले आणि ते तीस वर्षे वाढणार नाहीत अशी हमी दिली. तेवढ्या मुदतीत विहीर खणून किंवा ताली घालून शेतकऱ्याने उत्पन्न वाढविले, तर त्याचा लाभ त्यालाच मिळावा, हा त्यामागील हेतू होता.

मोजणीसाठी ३३ फुटांची साखळी वापरली जाई. तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. बैलाच्या एका जोडीने कसता येईल एवढे क्षेत्र हे सर्व्हे नंबर पाडण्याचे सर्वसाधारण माप होते. प्रतवारीसाठी मातीचा रंग, पोत आणि खोली तपासली जाई. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आणे धरत. चुनखडी, वाळू किंवा उतार असल्यास प्रत खाली येई. टिपण, प्रतिबुक आणि आकारबंद या दप्तरांत या नोंदी उतरल्या.

पुढे विंगेट यांनी दक्षिण मराठा मुलखातील मोजणीची सूत्रे सांभाळली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला निश्चित नियमांचे रूप दिले. नंतर विंगेट महसूल मोजणी आयुक्त झाले.

विरोध आणि कर्जाचा प्रश्न

मोजणीचे सर्वत्र स्वागत झाले नाही. १८५२ मध्ये खानदेशातील सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकरी मोठ्या संख्येने एकत्र आले. मोजणी म्हणजे सारावाढीची पूर्वतयारी, अशी त्यांची धारणा होती. सरकारने सैन्य पाठवून व पुढाऱ्यांना अटक करून विरोध मोडला आणि मोजणी पुढे चालू ठेवली.

त्याच वर्षी विंगेट यांनी कर्जबाजारीपणाकडे सरकारचे लक्ष वेधले. शेतावरील हक्क निश्चित व हस्तांतरणीय झाल्याने त्या हक्काला तारणाची किंमत आली होती. दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे सावकाराच्या हाती आल्यावर कुणबी त्याच्या पूर्ण कह्यात जातो, असे त्यांचे निरीक्षण होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि त्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोहोचले. ठिकठिकाणी कर्जखते हिसकावून जाळण्यात आली. दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे विंगेट यांचे हे जुने मत पुन्हा आले. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला; विंगेट यांचा मृत्यूही त्याच वर्षी झाला.

उत्तरायुष्य

मायदेशी परतल्यावर विंगेट यांनी १८५९ मध्ये इंग्लंड व भारत यांच्या आर्थिक संबंधांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. भारतात वसूल झालेला कर इंग्लंडमध्ये खर्च झाल्याने देशाची हानी होते, असे त्यांनी तीत मांडले. संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडताना दादाभाई नौरोजी यांनी विंगेट यांचा आधार घेतला. पुढे विंगेट यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

नकाशे आणि ग्रामीण बदलांचा अभ्यास

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात ही मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली. त्या काळाशी आजची तुलना करण्यासाठी प्रवरा नदीकाठचे कोल्हार हे बोलके उदाहरण आहे. उत्तर तीरावरील कोल्हार बुद्रुक आज राहाता तालुक्यात, तर दक्षिण तीरावरील कोल्हार खुर्द राहुरी तालुक्यात मोडते. मोजणीच्या काळी या भागात कालवे नव्हते. शेती पावसावर आणि विहिरींवर चाले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आणला आणि १९५० च्या सुमारास जवळच्या लोणी परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिरायतीचे बागायतीत झालेले हे रूपांतर निरनिराळ्या काळांतील नकाशे शेजारी ठेवल्यास क्रमाने तपासता येते.

या कामी दोन प्रकारचे नकाशे परस्परपूरक ठरतात. गाव नकाशावर शेतांच्या हद्दी, गावठाण, ओढे आणि वाटा असतात. भूमीचा चढउतार त्यावर कळत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशांवर, तसेच नंतरच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर, समोच्चरेषा, कालवे, रस्ते व वस्त्या दिसतात. परंतु एकेका शेताची हद्द दिसत नाही. जुने देऊळ, गावाच्या शिवेवरील दगड यांसारख्या न हललेल्या खुणा जुळवून हे नकाशे एकमेकांशी ताडून पाहतात. नदीपात्राची कड पुराने सरकू शकत असल्याने केवळ तिच्यावर विसंबणे योग्य ठरत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यानंतर जेथे एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले. म्हणून तेथे जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ आधी घालावा लागतो.

जुन्या दप्तराचा असा उपयोग हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाच्या अभ्यासात दिसतो. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते. १९१४-१५ मध्ये ते ७ एकरांवर आले होते.

मर्यादा

विंगेट यांच्या काळातील नकाशे सारा वसुलीसाठी काढलेले होते. ज्यावर सारा नव्हता त्याची नोंद त्यांत त्रोटक असते. खातेदाराचे शेत दिसते. त्यावर राबणारा मजूर किंवा तोंडी कराराने कसणारा वाटेकरी दिसत नाही. पडीक किंवा गायरान म्हणून दाखविलेली जमीन गुरे चारणाऱ्यांच्या आणि सरपण वेचणाऱ्यांच्या उपजीविकेचा भाग असू शकते. त्यामुळे नकाशावरील मोकळी जागा ही वापरात नसलेली जागा समजता येत नाही. जुन्या नकाशांचे वाचन महसुली दप्तर, जनगणना आणि गावातील वृद्धांच्या आठवणी यांच्या जोडीने केले, तरच बदलाचे चित्र पूर्ण होते.