हेडफोनमधला बारीक आवाज मोठा करणारा माणूस: एडविन आर्मस्ट्राँग

मोबाइलवर एफएम लावायला गेलात की बरेच फोन आधी इअरफोन जोडायला सांगतात. कारण सोपं आहे. इअरफोनची वायरच अँटेनाचं काम करते. पण हे एफएम बनवलं कोणी? अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी. चंद्रावर गेले ते नील, हे वेगळे! यांची सगळी गोष्ट सुरू झाली ती हेडफोनमध्ये जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापासून.

माळ्यावरची खोली

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कमधला. लहानपणी एक मोठं आजारपण आलं आणि शाळा सुटली. मान आणि खांदा झटकण्याची सवय मात्र कायमची मागे राहिली. पोरगा एकटा रमायला लागला, वायरी आणि बॅटऱ्यांमध्ये. हडसन नदीकाठच्या याँकर्स गावात घराच्या माळ्यावर त्याची खोली होती. अंगणात त्याने स्वतः १२५ फूट उंच अँटेनाचा खांब उभा केला.

तरी अडचण होतीच. दूरच्या स्टेशनचा सिग्नल इतका कमजोर यायचा की हेडफोन कानाला घट्ट दाबून श्वास रोखून ऐकावं लागायचं.

व्हॉल्व्ह होता, पण कळला नव्हता

१९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी ‘ऑडियन’ नावाचा व्हॉल्व्ह बनवला होता. काचेच्या बल्बमध्ये तीन भाग: तापणारी फिलामेंट, समोर प्लेट आणि मध्ये जाळीसारखी ग्रिड. प्लेटला जास्त व्होल्टची वेगळी बॅटरी. ग्रिडवर छोटासा सिग्नल दिला की प्लेटचा करंट त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. म्हणजे हा अॅम्प्लिफायरच झाला. पण तो चालतो कसा, हे खुद्द डी फॉरेस्ट यांनाही नीट सांगता येत नव्हतं. बल्बमध्ये उरलेल्या गॅसमुळे काम होतं, असं ते धरून चालले होते.

एडविन तेव्हा कोलंबिया विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होता. त्याने अंदाज लावत बसण्यापेक्षा सर्किटचा एकेक भाग तपासायला घेतला. त्याच्या लक्षात आलं की प्लेटच्या बाजूलाही सिग्नल तसाच नाचतोय, फक्त मोठा होऊन. मग त्यातला थोडा भाग परत ग्रिडकडे पाठवला तर? तो पुन्हा मोठा होईल, परत फिरेल, आणखी मोठा होईल!

सप्टेंबर १९१२ मध्ये हे जमलं. हेडफोन टेबलावर ठेवला तरी खोलीत आवाज ऐकू येत होता. मध्यरात्र होती, पण आनंदाच्या भरात त्याने बहिणीला उठवलं. याच युक्तीला रिजनरेशन म्हणतात. १९१४ साली व्हॉल्व्हचं काम त्याने मोजमापांच्या आलेखांसह छापून समजावलं.

शिट्टी का वाजते?

परत पाठवलेला सिग्नल प्रमाणाबाहेर गेला की सर्किट स्वतःच वाजायला लागतं. गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर आला की कशी शिट्टी वाजते, तसंच. एडविनने हेही हेरलं की असं सर्किट मग ट्रान्समीटरसारखं स्वतःच लहरी तयार करतं.

आज घरी व्हॉल्व्हचा हेडफोन अॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांना हाच त्रास होतो. आउटपुटची वायर इनपुटजवळून गेली की नको असताना फीडबॅक तयार होतो. उपाय: दोन्ही वायरी लांब ठेवा, ग्राउंडची जोडणी आखूड ठेवा आणि ग्रिडच्या पिनला लागूनच एक रेझिस्टर लावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या काळी हेडफोन थेट प्लेटच्या सर्किटमध्येच जोडत. आता तसं करायचं नाही. आजच्या अॅम्प्लिफायरमध्ये प्लेटला १०० ते ३०० व्होल्ट असू शकतात. त्यामुळे मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा कपॅसिटर हवाच. स्विच बंद केला तरी मोठे कपॅसिटर चार्ज धरून राहतात आणि तो झटका जीव घेऊ शकतो. रेझिस्टरमधून चार्ज उतरवा, मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करा, मगच हात लावा. पहिल्यांदा करत असाल तर जाणकार माणूस शेजारी हवा.

टेबलावर जिंकले, कोर्टात हरले

पेटंटसाठी पैसे हवे होते, पण डिग्री मिळेपर्यंत वडील द्यायला तयार नव्हते. म्हणून एडविनने ३१ जानेवारी १९१३ ला सर्किटचं चित्र नोटरी करून ठेवलं. पेटंट १९१४ मध्ये मिळालं. पुढे डी फॉरेस्ट यांनी शोध आपलाच असल्याचा दावा केला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९३४ साली सुप्रीम कोर्टाने शेवटचा निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूने दिला. आर्मस्ट्राँग रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने दिलेलं पदक परत करायला गेले. संस्थेने ते घेतलं नाही. जमलेल्या इंजिनिअरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दरम्यान १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात पॅरिसला असताना, त्यांनी सुपरहेटेरोडाइन रिसीव्हर शोधला. पुढे रेडिओ-टीव्ही त्याच पद्धतीवर चालले. १९३३ मध्ये एफएमची पेटंट मिळाली. पण १९४५ साली अमेरिकी सरकारने एफएमचा पट्टा बदलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला आणि लोकांकडचे जुने सेट निकामी झाले. १९४८ पासून आरसीए कंपनीशी पेटंटचा खटला सुरू झाला. त्यात पैसा संपला, तब्येत गेली, संसार मोडकळीला आला. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. चित्र नोटरी केलं तीच तारीख.

पत्नी मॅरियन यांनी मात्र लढा सोडला नाही. एकेक कंपनीशी लढत १९६७ पर्यंत शेवटचा खटलाही त्या जिंकल्या.

तुमच्या फोनमधलं एफएम आजही त्याच ८८ ते १०८ च्या पट्ट्यात लागतं. आणि घरच्या अॅम्प्लिफायरमध्ये कधी शिट्टी आली, तर एकामागून एक पार्ट बदलत बसू नका. सिग्नल कुठून कुठे जातोय, ते आधी शोधा. माळ्यावरच्या त्या पोराने तेच केलं होतं.