अब्दुर्रहमान अस्-सूफी : ताऱ्यांचा प्रामाणिक साक्षीदार

इस्लामी जगातील थोर खगोलशास्त्रज्ञांमध्ये अल्-बिरुनी आणि उलुग बेग यांच्याबरोबर अब्दुर्रहमान अस्-सूफी यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या समाजातील भाषणांत आणि लेखांत त्यांच्याविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते. आपल्या आकाशगंगेशेजारची मोठा मॅगेलनी मेघ नावाची दीर्घिका त्यांनी शोधून काढली, असे ते वाक्य. हे खरे किती, हे त्यांचे चरित्र पाहिले की समजते. आणि जे समजते त्याने त्यांची थोरवी कमी न होता वाढते.

सूफींचा जन्म ७ डिसेंबर ९०३ रोजी इराणमधील रय या शहरी झाला. हे शहर आजच्या तेहरानला लागून आहे. त्यांचे पुढील आयुष्य इस्फहान आणि शिराज येथे बुवैही घराण्याच्या आश्रयाने गेले. या घराण्यातील राजा अजुदुद्दौला विद्येचा मोठा चाहता होता. ताऱ्यांच्या विषयात सूफी आपले गुरू आहेत, असे तो अभिमानाने सांगे, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे.

त्या काळी ताऱ्यांचा अभ्यास दोन वाटांनी चाले. एक वाट ग्रंथांची. दुसऱ्या शतकातील ग्रीक पंडित टॉलेमी यांचा अल्माजेस्ट हा ग्रंथ अरबीत आला होता आणि विद्वान त्यावर विसंबून असत. दुसरी वाट वाळवंटातील अरबांची. उंटांचे तांडे हाकणाऱ्या या लोकांना ताऱ्यांची नावे आणि उगवण्याच्या वेळा तोंडपाठ असत. आपल्याकडचा शेतकरी रोहिणी, मृगाच्या हिशेबाने पेरणी ठरवतो, तसेच ते. परंतु पंडित आकाशाकडे क्वचितच पाहत आणि तांडेवाल्यांना ग्रंथ ठाऊक नसत. अनेक लेखक जुन्या पुस्तकांवरून व गोलांवरून नुसती नक्कल करतात, ही गोष्ट सूफींना खटकली.

त्यांनी स्वतः रात्रीमागून रात्री आकाश पाहिले. इ. स. ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांच्या आकृतींवरील त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात टॉलेमीचे ४८ तारकासमूह घेतलेले आहेत. प्रत्येकाचे चित्र दोनदा काढले आहे : एकदा आकाशात दिसतो तसे आणि एकदा खगोलाच्या गोलावर दिसते तसे, म्हणजे डावे-उजवे उलटे. टॉलेमीनंतरच्या काळात तारे जितके सरकले, तितकी दुरुस्ती त्यांनी अंशांत केली. ती १२ अंश ४२ कला एवढी होती. प्रत्येक ताऱ्याची तेजस्विता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ठरवली. जिथे टॉलेमीशी जुळले नाही, तिथे तसे स्पष्ट लिहिले. गुरूचा आदर राखून गुरूची चूक दाखवण्याचा हा धडा आहे.

याच ग्रंथात देवयानी तारकासमूहाजवळच्या एका लहानशा ढगासारख्या डागाची नोंद आहे. हा डाग म्हणजे सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका. उपलब्ध लेखनात तिची ही पहिली नोंद मानली जाते.

आता मॅगेलनी मेघाकडे वळू. अरब ज्याला सुहैल म्हणतात, तो तारा म्हणजे आपला अगस्ती. सुहैलच्या खाली दक्षिणेस काही शुभ्र तेजस्वी असे दिसते, ते इराक आणि नज्दमधून दिसत नाही, पण तिहामाच्या किनारपट्टीवरील लोक त्याला अल्-बकर, म्हणजे गाई-बैल, म्हणतात, असे सूफींनी नमूद केले आहे. या वर्णनात आजचे अभ्यासक मोठा मॅगेलनी मेघ ओळखतात. शिराजहून तो क्षितिजावर येतच नाही, त्यामुळे सूफींना तो दिसणे शक्य नव्हते. म्हणूनच टॉलेमीने याविषयी काही लिहिलेले नाही आणि हे खरे की खोटे ते आपणास ठाऊक नाही, अशी कबुलीही त्यांनी तेथेच दिली आहे. तेव्हा शोध त्यांच्या नावावर घालणे योग्य नाही. पण साध्या लोकांचे बोलणे त्यांनी तुच्छ मानले नाही आणि न पाहिलेले पाहिले असेही म्हटले नाही. पुढे ती ऐकीव गोष्ट खरी ठरली.

मुरगूडकरांना यात एक गंमत आहे. आपले गाव शिराजपेक्षा बरेच दक्षिणेस असल्याने हा मेघ येथे क्षितिजावर येतो, पण जेमतेम चार अंश. जानेवारीच्या अखेरीस अमावास्येच्या रात्री नऊच्या सुमारास, दक्षिण क्षितिज मोकळे असलेल्या उंच जागेवरून अगस्तीच्या बरेच खाली पाहावे. धूळ, धुके आणि दिवे यांमुळे तो दिसेलच असे नाही. न दिसल्यास वहीत तसेच लिहावे.

हा मेघ सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा लहान भाऊ सुमारे २ लाख. दोन्ही आपल्या आकाशगंगेच्या उपदीर्घिका आहेत. लहान मेघातील ताऱ्यांवरून हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकन विदुषीने १९१२ मध्ये दीर्घिकांची अंतरे मोजण्याचा मार्ग दाखवला. आपल्या मुलींनी हे नाव विसरू नये. १९८७ मध्ये मोठ्या मेघात एका ताऱ्याचा प्रचंड स्फोट झाला आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसला. या मेघांतील वायू आणि धुळीतून तारे कसे जन्मतात याचा अभ्यास आज जगभर चालतो. लहान मेघात जड मूलद्रव्ये व धूळ कमी असल्याने विश्वाच्या बाल्यावस्थेचा अंदाज तेथे बांधता येतो. २०१५ साली सोडलेल्या भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीनेही लहान मेघ पाहिला आहे. ती दुर्बीण घडवण्यात पुण्याच्या आयुका संस्थेचा वाटा आहे, आणि त्या संस्थेचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरातच झाला.

सूफी २५ मे ९८६ रोजी निवर्तले. १२५० मध्ये नसीरुद्दीन तूसी यांनी त्यांचा ग्रंथ फारसीत आणला, १८७४ मध्ये तो फ्रेंचमध्ये गेला, आणि १९५४ मध्ये हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने मूळ अरबी ग्रंथ छापला. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाने पुस्तकातल्या वाक्यावर शंका घेतली तर त्याला गप्प करू नये. आणि विद्यार्थी मित्रहो, गाइडमधले उत्तर उतरवण्यापूर्वी आपण स्वतः काय पाहिले, काय ऐकले आणि काय ठाऊक नाही, हे वेगवेगळे लिहावयास शिका. पूर्वजांचा अभिमान बाळगण्याचा याहून चांगला मार्ग नाही.