जोगेंद्रनाथ मंडल: पद घेण्याआधी अटी घालणारा मंत्री

१९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून आणण्यासाठी झटलेले जोगेंद्रनाथ मंडल आपल्याला ठाऊक आहेत. मंत्री जोगेंद्रनाथ मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतात.

२९ जानेवारी १९०४ रोजी बारिसाल जिल्ह्यात, नमोशूद्र समाजात त्यांचा जन्म. वकिली केली, १९३७ मध्ये अपक्ष म्हणून बंगालच्या विधानसभेत गेले. एप्रिल १९४३ मध्ये ख्वाजा नाझिमुद्दीन यांचे सरकार उभे राहिले ते अनुसूचित जातींच्या २१ आमदारांच्या साथीने. ही साथ फुकट दिली नव्हती. मंत्रिमंडळात आपले तीन मंत्री, मुलांच्या शिक्षणासाठी दरवर्षी ५ लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेला वाटा, असा सौदा होता. जोगेंद्रनाथांकडे आले सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणाचे खाते. गृह-अर्थाच्या तुलनेत हे खाते किरकोळ वाटेल. पण सावकाराचे कर्ज घराला कसे पोखरते हे वस्तीत काम करताना आम्ही पाहतो. नमोशूद्र कुळांसाठी तोच जगण्याचा प्रश्न होता. त्यात त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली.

१९४६ मध्ये सुऱ्हावर्दी मंत्रिमंडळात न्याय व बांधकाम, मग दिल्लीच्या हंगामी सरकारात कायदा, फाळणीनंतर पाकिस्तानात कायदा व कामगार. खाती मोठी होत गेली. पण कराचीत पाठीशी ते २१ आमदार नव्हते. आम्हाला त्यांची खरी अडचण इथे दिसते. पूर्व बंगालमध्ये आपली माणसे मारली जात असताना मंत्री असूनही ते ते थांबवू शकले नाहीत. ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन ते कोलकात्यात राहिले. पुढे इथल्या निवडणुकांतही त्यांना यश आले नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव येथे त्यांचे निधन झाले.