गॅरेजमधला 'डुको' आला कुठून? जगातल्या गाड्यांना रंग देणाऱ्या अधू डोळ्यांच्या माणसाची गोष्ट

पावसाळ्यात माळशेज घाटाकडं निघालेल्या गाड्यांची रांग मुरबाडमधून जाते. शहापूरवरून नाशिकला जाणारा महामार्ग तर बाराही महिने भरलेला. या गर्दीत अधूनमधून एखादी बुटकी, दोन दारांची, जुनी पण हौसेनं जपलेली स्पोर्ट्स कारही दिसते. खड्डा, दगड, नाहीतर शेजारून घुसलेली बाइक, यातलं काहीतरी तिला गाठतंच. मग दाराला पोचा, पुढच्या पंख्याला ओरखडा आणि गाडी गॅरेजात.

तिथं डेंटर पत्र्याच्या मागून लोखंडी आधार देतो आणि पुढून हलक्या हातोडीनं पोचा काढतो. पुट्टी भरली जाते, पाणी मारून पेपरनं घासली जाते, प्रायमर बसतो. पण महिना जुलैचा असेल आणि रंग लॅकरचा असेल, तर पेंटर गनला हात लावायच्या आधी आभाळाकडं बघतो.

कारण दमट हवेत लॅकर मारला की त्यावर पांढुरकी झाक येते. थिनर झपाट्यानं उडतो आणि उडता उडता पत्रा गार करतो. थंडगार पाण्यानं भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसं हवेतलं बाष्प ओल्या रंगावर येऊन बसतं. लालभडक गाडी दुधाळ दिसायला लागते. मग सावकाश उडणारा थिनर मिसळायचा, नाहीतर उघडीप मिळेपर्यंत थांबायचं.

दोन दिवस थांबायला लागलं की मालक कुरकुरतो. पण शंभर वर्षांपूर्वी गाडी रंगवायला दोन दिवस नाही, तीन-चार आठवडे लागायचे. ही वाट पाहणं ज्याच्या हट्टामुळं संपलं, त्याचं नाव चार्ल्स केटरिंग. जुने पेंटर आणि सुतारकामवाले ज्याला अजून 'डुको' म्हणतात, तो रंग बाजारात आला तो या माणसानं धरलेल्या हट्टामुळं.

आणि गंमत म्हणजे या माणसाचे स्वतःचे डोळे आयुष्यभर अधू होते.

केटरिंगचा जन्म 29 ऑगस्ट 1876 चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर. लहानपणापासून नजर कमजोर, वाचायला बसलं की डोकं ठणकायचं. तरी शिकला, खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली, पैसे साठवून कॉलेजात गेला. तिथं डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सोडावं लागलं. मग पठ्ठ्या टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीवर मुकादम झाला. खांबासाठी खड्डे खणणं, तारा जोडणं, उन्हातान्हात फिरणं. डोळ्यांना विश्रांती मिळाली, हाताला वीज कळली. पुन्हा कॉलेजात गेला तेव्हा सोबतची पोरं त्याला पुस्तकं वाचून दाखवायची. 1904 साली वयाच्या 27 व्या वर्षी तो ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानदाराच्या गल्ल्यावरचं ते हँडल फिरवायचं यंत्र त्यानं विजेवर चालवलं. काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. गल्ल्यात मोठी मोटर मावत नाही आणि छोट्या मोटरला ताकद कमी. केटरिंगच्या लक्षात आलं की मोटरला दिवसभर कुठं राबायचंय? एक क्षणभर जोर लावला की झालं, नंतर ती गार होत बसू दे.

हीच युक्ती त्यानं गाडीत नेली. त्या काळी इंजिन सुरू करायला समोर उभं राहून हँडल मारावं लागायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट नाहीतर जबडा मोडायचा. बायरन कार्टर नावाचा गाड्या बनवणारा माणूस असाच एका बाईची बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला गेला, मार बसला आणि त्यातच पुढं गेला, अशी हकीकत सांगितली जाते. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड त्यानं हादरला म्हणे. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या गोठावजा शेडमध्ये केटरिंग आणि त्याच्या दोस्तांनी सेल्फ स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या मॉडेलपासून कॅडिलॅक विजेवर सुरू व्हायला लागली. आज सेल्फ मारतो म्हणतो तो सेल्फ हाच.

त्यांची डेल्को कंपनी 1916 साली विकली गेली आणि फिरत फिरत जनरल मोटर्सच्या पोटात शिरली. केटरिंग तिथल्या संशोधनाचा प्रमुख झाला, तो पार 1947 पर्यंत.

आता येऊ रंगाकडं.

मोटारगाडी ही घोडागाडीची धाकटी बहीण. त्यामुळं तिला रंग देणारेही घोडागाडीचेच कारागीर होते. ब्रशनं तेलरंग आणि व्हार्निशचे थरावर थर. एक थर वाळायला दिवसच्या दिवस, मग दगडाच्या भुकटीनं घासायचं, मग पुढचा थर. गाडी जोडायला काही तास आणि रंगाला काही आठवडे. रोज 1000 गाड्या बनवणाऱ्या कारखान्याला रंग वाळायला तीन आठवडे लागत असतील, तर कोणत्याही दिवशी 21,000 गाड्या नुसत्या छपराखाली उभ्या. धूळ बसू नये म्हणून बंद शेड, वर भांडवल अडकलेलं ते वेगळंच. एवढं करून तो रंग उन्हापावसात वर्ष-दोन वर्षांत फिका पडायचा, तडकायचा. फोर्डनं 1914 ते 1925 या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागं काळा रंग भट्टीत लवकर वाळतो हे एक कारण सांगतात.

केटरिंगनं रंगवाल्यांची बैठक बोलावली आणि वेळ किती कमी करता येईल असं विचारलं. फार झालं तर थोडे दिवस वाचतील, असं त्यांचं उत्तर. त्याला हवा होता एक तास. मंडळींनी त्याला वेड्यात काढलं. तासाभरात रंग वाळणं अशक्य आहे, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. केटरिंगला रंगातलं काहीच माहीत नव्हतं, आणि बहुतेक तेच कामी आलं.

पुढं न्यूयॉर्कच्या एका दुकानात त्याला लॅकर मारलेली छोटी तबकडी दिसली, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते. ती कुणी बनवली, लॅकर कुठून आणला, असं विचारत विचारत तो न्यू जर्सीतल्या बनवणाऱ्यापर्यंत पोचला. पण त्या लॅकरची उलटीच अडचण. गनमधून निघून गाडीच्या दारावर पोचेपर्यंतच तो वाळायचा.

उत्तर मिळालं ते ड्यूपाँट कंपनीत. पहिल्या महायुद्धात बंदुकीची दारू पुरवून गबर झालेली ही कंपनी. ती दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ. युद्ध संपल्यावर या मालाचं करायचं काय, हा प्रश्न होताच. नायट्रोसेल्युलोज विरघळवलं की घट्ट चिकट द्राव व्हायचा. फवारायला पातळ करावं तर थिनरच जास्त आणि रंग नावाला. 1920 साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत जवळपास अपघातानंच कळलं की ठरावीक क्षार घालून तो गरम ठेवला तर काकवीसारखा सैल होतो, मग त्यात भरपूर रंगद्रव्य मावतं. ड्यूपाँटची माणसं आणि केटरिंगची माणसं यांनी दोन-तीन वर्षं त्याच्यावर मेहनत घेतली आणि नाव ठेवलं डुको. 1924 च्या मॉडेलची निळी ओकलंड ही डुको ल्यायलेली पहिली गाडी. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

यावरून एक किस्सा फिरतो. एक रंगाचा व्यापारी केटरिंगकडं जेवायला आला, हे असं काही होणं शक्य नाही म्हणून हुज्जत घालत बसला. जेवून बाहेर येतो तर त्याची गाडी जागेवर नाही. केटरिंगनं बोट दाखवलं ती गाडी त्याचीच होती, फक्त जेवण होईपर्यंत तिचा रंग बदलला होता. किस्सा किती खरा किती तिखटमीठ लावलेला, पण केटरिंगच्या स्वभावाला शोभणारा आहे खरा.

जनरल मोटर्समध्ये ड्यूपाँटचा त्या वेळी मोठा हिस्सा होता, हेही इथं ध्यानात ठेवायला हवं. घरचाच रंग घरच्याच गाडीला. पुढं 1957 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं याच नात्यावर बोट ठेवलं आणि ड्यूपाँटला ते शेअर सोडावे लागले.

रंग स्वस्त आणि झटपट झाल्यावर गाडी दिसते कशी यावर धंदा सुरू झाला. जनरल मोटर्सनं 1927 साली आर्ट अँड कलर नावाचा विभागच काढला, त्याचा प्रमुख हार्ली अर्ल. याच अर्लच्या डोक्यातून 1953 साली शेव्हरले कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार आली. पहिल्या वर्षी 300 गाड्या, सगळ्या पांढऱ्या, बॉडी फायबरची आणि वर रंग नायट्रोसेल्युलोज लॅकरचा.

जुन्या गाडीची डागडुजी करणाऱ्यांसाठी लॅकरचा मोठा गुण वेगळाच आहे. तो फक्त थिनर उडून वाळतो, त्यामुळं कितीही वर्षांनी पुन्हा थिनर लागला की विरघळतो. नवा थर जुन्या थरात मुरतो आणि एकाच दारापुरतं केलेलं काम बेमालूम मिसळून जातं. आजचा हार्डनर घातलेला पीयू रंग एकदा पक्का झाला की झाला. म्हणून जुनी गाडी हाती आली की जाणता पेंटर कडेच्या, न दिसणाऱ्या जागी थिनरचा बोळा फिरवून बघतो. बोळ्याला रंग लागला तर वरचा रंग लॅकर. ही पारख न करता इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा रंग सुरकुततो, पापुद्रे उचलतात आणि सगळं खरवडून पहिल्यापासून सुरुवात.

इथवरची गोष्ट टाळ्या वाजवायची. पण केटरिंगच्या प्रयोगशाळेतून त्याच वर्षांत आणखी एक वस्तू बाहेर पडली. इंजिन ठोके देतं म्हणून त्यावर उपाय शोधताना त्याचा सहकारी थॉमस मिजली याला डिसेंबर 1921 मध्ये शिशाचं एक संयुग सापडलं. 1923 साली शिसं घातलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली, 1924 साली त्यासाठी इथिल कंपनी निघाली आणि अध्यक्ष झाला केटरिंग. त्याच ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. शिसं विषारी आहे हे तेव्हा गुपित नव्हतं. विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली आणि 1926 मध्ये पुन्हा सुरू झाली. भारतात हे पेट्रोल 2000 साली बंद झालं, जगात शेवटचं 2021 मध्ये अल्जेरियात.

गाड्यांच्या पत्र्यातही शिसं होतंच. पुट्टी यायच्या आधी पोचे वितळवलेल्या शिशानं भरत आणि कानशीनं घासत. ती भुकटी कारागिराच्या नाकातोंडात जायची. 1950 च्या दशकात पॉलिएस्टर पुट्टी आली आणि ते सुटलं. पण फवाऱ्याचा प्रश्न सुटला नाही. मोठ्या कारखान्यात फवारणीच्या जागी हवा ओढणारे पंखे बसले. रस्त्याकडेच्या गॅरेजात बहुतेकदा तोंडाला रुमाल असतो, आणि पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला रुमाल अडवत नाही. त्यानं जडणारा दमा नंतर थोड्याशा वासानंही उठतो. त्यासाठी बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. वाळण्याचा वेळ वाचला त्याची किंमत कुणाच्या छातीतून गेली, याचा हिशेब केटरिंगच्या चरित्रांत सापडत नाही.

केटरिंगनं 186 पेटंट घेतली. काही डाव फसलेही, तांब्याच्या पात्यांनी हवेवर गार होणारं त्याचं इंजिन 1923 मध्ये इतकं आपटलं की विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि त्यानं राजीनामा पुढं केला होता. तो कुणी घेतला नाही. 1945 साली जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन आणि त्याच्या नावानं न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधनाची संस्था उभी राहिली, स्लोन केटरिंग. डेटनशेजारच्या एका गावानं तर त्याच्या हयातीतच स्वतःचं नाव केटरिंग करून घेतलं.

25 नोव्हेंबर 1958 रोजी डेटनमध्ये तो वारला. नेमक्या त्याच सुमाराला जनरल मोटर्सनं नायट्रोसेल्युलोज सोडून ॲक्रिलिक लॅकर धरायला सुरुवात केली होती. भारतात मात्र कपाटाला नाहीतर दाराला गुळगुळीत फवारा मारून हवा असेल, तर सुतार आजही विचारतो, पॉलिश करायचं की डुको?