इतिहासाचार्य राजवाडे : कागदासाठी दारोदार फिरलेला माणूस



आमच्या दारव्ह्यात शकुंतला रेल्वेचा विषय निघाला की कोणीतरी मोबाईल काढून दाखवतोच, या गाडीपायी आपण अजून इंग्रजांना पैसे भरतो म्हणून. वर्गातल्या एका पोराने मला विचारलं, सर, हे कुठे लिहून आहे? माझ्याजवळ कागद नव्हता. मग दुसऱ्या दिवशी परिपाठात मी वि. का. राजवाडे सांगितले. तुम्हीही मुलांना सांगून पाहा.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ चा, रायगड जिल्ह्यातल्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात, १८९१ च्या सुमारास बी. ए. झाले. काही दिवस मास्तरकीही केली बरं का! पत्नी लवकर वारली, पुन्हा लग्न केलं नाही.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफचं पुस्तक. डफ साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी होता, त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये लंडनला निघाला. त्यानेही जुने कागद पाहिले होते, हे मान्य करायलाच पाहिजे. पण निवड त्याची आणि नजर राज्य जिंकणाऱ्याची. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्याच्या चुका आधीच दाखवल्या होत्या. राजवाड्यांनी ठरवलं, नुसती टीका नको, अस्सल कागद शोधू.

आता अडचण पाहा. पेशव्यांचं दफ्तर पुण्यातच होतं, पण सरकारच्या कुलपात. म्हणून हे गावोगाव फिरले. जुने वाडे, देशपांड्यांची, इनामदारांची घरं, मठ. स्वयंपाक स्वतःच्या हाताने. लोक कागद दाखवायला भीत, इनाम जाईल म्हणून! किती दफ्तरं वाळवीने खाल्लेली, किती रद्दीत गेलेली. वाईला पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली, त्यांतून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. पुढे एकूण २२ खंड झाले.

त्यांची पद्धत साधी होती. घटनेच्या वेळचं पत्र आधी, मागाहून सांगून लिहिलेली बखर नंतर. पत्र कोणी, कोणाला, कोणत्या तिथीला लिहिलं ते तपासायचं. पाचवीच्या पोरालाही हे समजते.

१९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. स्वभाव मात्र तापट. मंडळाशीही बिनसलं, आणि ते धुळ्याला गेले. त्यांचे काही निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी खोडले, जातीविषयीची मतं तर मलाही पटत नाहीत. पण खोडणाऱ्यांनीही पुष्कळदा त्यांनीच छापलेले कागद वापरले.

३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले. त्यांच्या संग्रहासाठी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं.

आपलं वऱ्हाड निजामाचं, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात गेलं. म्हणजे इथले कागद मोडीत, फारसीत आणि इंग्रजीत. सध्या आमच्या वर्गाचा गृहपाठ एवढाच आहे : घरी आजोबांना विचारा, जुन्या पेटीत मोडीतला एखादा कागद आहे का. आतापर्यंत दोन आलेत. वाचून देणारा शोधतोय.